सव्वीस, साडेसत्तावीस, एकोणतीस

१ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. घरात माझं कुणी ऐकून घेत नाही, निदान वही तरी मध्ये बोलणार नाही.

मुद्दा एकच. २९ मार्चला टेकडीवर माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री रेस. पालक-पाल्य गट. अठरा किलोमीटर, दगड, मुळं, चढ. दोघांपैकी जो मागे राहील त्याची वेळ धरतात. गेल्या वर्षी मी आणि लेक शेवटून पहिले आलो. प्रत्येक चढाच्या टोकावर ती माझी वाट बघत उभी होती. एकदाही काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

जूनमध्ये ती शिकायला बाहेरगावी जाणार. पुढच्या वर्षी वयानं या गटात बसतही नाही. म्हणजे ही आमची शेवटची रेस. जीव गेला तरी चालेल, पण तिला टोकावर उभी ठेवणार नाही.

हरण्याचं कारण मला सापडलंय. चाक. माझ्या सायकलचं चाक सव्वीस इंची. सगळं जग एकोणतिसावर गेलं आणि मला एका माणसानं सांगितलं नाही. सगळ्यांचा राग आला.

संकल्प : आठ दिवसांत चाक ठरवणे. नंतर रोज पहाटे साडेपाचला सराव.

४ फेब्रुवारी, बुधवार

साडेपाचला उठलो नाही. चाकच ठरलेलं नाही तर सराव कशाचा करायचा? चुकीच्या चाकावर सराव केला की चुकीची सवय लागते. लेकीला हे नीट समजावलं. ती म्हणाली, बाबा, आपण नुसतं जाऊन तर येऊ.

नुसतं. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. एकवीस वर्षं मी बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात क्वालिटी तपासतोय. झाकण नुसतं बसत नाही. मापानं बसतं.

८ फेब्रुवारी, रविवार

कॉम्प्युटरवर तक्ता केला. सव्वीस : बाद. साडेसत्तावीस : वळणावर चपळ, लगेच वेग घेतं. एकोणतीस : दगडावरून बिनधास्त जातं, एकदा सुटलं की सुटलं, पण जड. चौदा निकष लावले. दोघांना सारखेच गुण. तक्त्यात चूक असणार.

त्यात दुपारी मेहुणे आले. म्हणजे हिचे धाकटे भाऊ, एकोणतीसवाले, गेल्या वर्षी मुलाबरोबर नववे. तक्ता बघून म्हणाले, भावोजी, चाक गोल असलं की झालं. सगळे हसले. लेकसुद्धा. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. नववे येणाऱ्या माणसाला विनोद करायला काय जातं?

१५ फेब्रुवारी, रविवार

पुरावा म्हणून जुनी सायकल टेकडीवर नेली. पहिल्याच चढावर निम्म्यात उतरलो. सव्वीसचा गुन्हा सिद्ध.

येताना हातात धरूनच आणली. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं न विचारता मागचं चाक उचलून फिरवलं. अर्ध्या फेरीत थांबलं. म्हणाला, साहेब, मागचा ब्रेक घासतोय, दहा मिनिटं ठेवा, सैल करून देतो. तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस दिवसभर टपात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसतो, आणि मला चाक शिकवणार. मी त्याला सांगितलं, प्रश्न ब्रेकचा नाही, व्यासाचा आहे. तो म्हणाला, बरं. त्या 'बरं'चाही राग आला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात सगळ्यांच्या आयुष्यावर बोलत राहणारा एक जण आहे. त्याला आम्ही कॉमेंट्री म्हणतो. जेवणाच्या सुट्टीत माझा तक्ता वाचून म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं.

ही म्हण मुळात अन्यायकारक आहे. अंगण खरंच वाकडं आहे का, हे कुणी मोजून बघितलंय? पट्टी लावून? दरवेळी नाचणाऱ्याच्याच माथी मारायचं. मी त्याला हे लेखी कळवलं. साहेबांना प्रत पाठवली.

साहेबांनी बोलावून घेतलं. झाकणांविषयी बोलूया, म्हणाले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

रेसचा फॉर्म आला. लेकीनं फ्रिजवर चुंबकाखाली लावलाय. तिचा रकाना भरलेला. माझा कोरा. पालकाचं नाव, आणि पुढे चाकाचा आकार. शेवटची तारीख ८ मार्च.

ती म्हणाली, आत्ता काहीही लिही ना बाबा, नंतर बदलता येतं. खोटी माहिती भरणं म्हणजे काय असतं, हे मी तिला वीस मिनिटं समजावलं. ती उठून खोलीत गेली. दार हळूच लावलं. आपटलं असतं तर मला काही बोलता तरी आलं असतं.

१ मार्च, रविवार

नवीन विचार. पुढे एकोणतीस, मागे साडेसत्तावीस. कुणाचंच मन मोडायला नको. तक्ता पहिल्यापासून करावा लागेल.

सराव : नाही.

४ मार्च, बुधवार

सायकलच्या दुकानात गेलो. चौदा निकष वाचून दाखवले. दुकानदार जांभई आवरत होता. मला दिसलं. मग म्हणाला, उंची किती? पाच फूट चार. म्हणाला, दोन्ही चाकं चांगली, कुठलंही घ्या, फक्त फ्रेम स्मॉल घ्या आणि चालवा.

स्मॉल. पुढचं मी ऐकलंच नाही. माणूस सल्ला मागायला येतो, अपमान करून घ्यायला नाही. तसाच परत आलो.

७ मार्च, शनिवार

स्पोक किती असावेत यावर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ बघत होतो. ही येऊन काहीतरी विचारत होती. फॉर्म, उद्या, मी गेले तर चालेल ना, असं काहीसं. मी हो हो, जा, म्हणालो. परत विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, अगं जा ना बाई. बाजारात वगैरे जायचं असेल.

८ मार्च, रविवार

फ्रिजवर फॉर्म नाही. मायलेकी माझ्या वतीनं देऊन आल्या वाटतं. पहिल्यांदा संताप आला, की चाकाचा आकार न विचारता फॉर्म देतातच कसा. मग जरा बरं वाटलं. काही झालं तरी घरच्यांचा माझ्यावर विश्वास आहे.

११ मार्च, बुधवार

जिन्याखालची जुनी सायकल गायब. ही म्हणाली, पंक्चरवाल्याकडे दुरुस्तीला दिलीय. घ्या. मी गेला सव्वा महिना घसा फोडून सांगतोय की सव्वीस संपलं. पालथ्या घड्यावर पाणी.

१४ मार्च, शनिवार

निर्णय झाला. एकोणतीस. आणि फ्रेम लार्ज.

दुकानदारानं दोनदा सांगितलं, मोठी पडेल. मी म्हणालो, चाक मोठं तर फ्रेम मोठी, साधं गणित आहे. म्हणाला, निदान एकदा बसून तरी बघा. मी म्हणालो, बसायचं ते रेसमध्ये बसेन. त्यानं बिल फाडलं.

१७ मार्च, मंगळवार

मायलेकी रोज सकाळी सहाला बाहेर पडतात. चालायला जात असाव्यात. जाताना माझं पांघरूण नीट करून जातात. आज हिच्या बुटांना चिखल आणि पोटरीवर काळ्या ग्रीसचा पट्टा. म्हटलं, जरा खाली बघून चालत जा. दोघी खूप हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं?

२२ मार्च, रविवार

एकोणतीसवर पहिली चाचणी. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. बसलो की पायाचे फक्त अंगठे टेकतात, तेही एका वेळी एक. जागच्या जागी पडलो. वॉचमननं उचललं. पुन्हा बसलो. पुन्हा उचललं. तिसऱ्यांदा तो आधीच हात पुढे करून उभा होता, त्याला झापलं.

तोडगा : चाक थांबूच द्यायचं नाही. थांबलं नाही तर पाय टेकायचा प्रश्नच येत नाही. या हिशेबानं गेटपर्यंत गेलो. गेट बंद होतं.

गुडघा सुजलाय.

२८ मार्च, शनिवार

संध्याकाळी चहा घेताना जाहीर केलं, उद्या साडेसहाला निघायचं, मी तयार आहे. लेकीनं आईकडे बघितलं. ही म्हणाली, अहो, त्या शनिवारी मी दोनदा विचारलं, तुम्ही हो म्हणालात. आणि फॉर्मची पावती समोर ठेवली. पालक : हिचं नाव. चाक : २६.

आरडाओरडा केला. हिला म्हणालो, कट केलात माझ्याविरुद्ध. लेकीला म्हणालो, गेल्या वर्षी मी मागे राहिलो त्याची लाज वाटते ना तुला.

ती म्हणाली, बाबा, वाट बघायचं मला काही वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी मागून का होईना, तू येत होतास. या वर्षी तू निघालाच नाहीस.

चहा गार झाला. राग आहेच, पण कुणाचा ते नीट लिहिता येत नाहीये.

२९ मार्च, रविवार

जाणार नव्हतो. गेलो. पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन शेवटच्या चढाच्या टोकावर उभा राहिलो. दोन तास दहा मिनिटं. वाट बघणं हे सोपं काम नाही. गेल्या वर्षी ही पोर किती वेळा उभी राहिली असेल.

दोघी एकामागोमाग आल्या. ही लालबुंद, पण पेडल मारत होती, उतरली नव्हती. बाटल्या पुढे केल्या. लेकीनं मान हलवली, थांबल्या नाहीत. रेसमध्ये थांबायचं नसतंच. चौदाव्या आल्या. मेहुणे अकरावे, त्यांचा टायर फुटला होता. तेवढंच समाधान.

पंक्चरवालाही बघायला आला होता. त्यानं कौतुकानं सव्वीसचं मागचं चाक उचलून फिरवलं. फिरतच राहिलं. माझ्याकडे बघितलं, पण बोलला काही नाही. भला माणूस आहे.

संध्याकाळी लेक दारात येऊन म्हणाली, चल बाबा, एक चक्कर मारू. नुसती. तिनं मला सव्वीस दिली. सीट आईच्या मापाला लावलेली होती, मला बरोबर बसली.

पहिल्याच चढावर निम्म्यात उतरलो. उतरून मागचं चाक हातानं फिरवून बघितलं. कुठेही घासत नव्हतं. टोकावर ती वाट बघत उभी होती.