दार आजीच्याच हातात

आईस,
लुबोम्बो डोंगरावरून म्फानुखोनाचा दंडवत. मी खाऊनपिऊन ठीक आहे. तुझा खोकला थांबला का?

सरदारांच्या सांगण्यावरून आपल्या घरी परदेशी पाहुणे कसे ठेवायचे, ते इथल्या एका घरी राहून शिकतोय. पूर्वजांच्या झोपडीत परके घुसतील ही तुझी भीती लक्षात ठेवूनच सगळं बारकाईने पाहतो.

काल एक गोरा पाहुणा बुटांसकट थेट इथल्या पूर्वजांच्या झोपडीकडे निघाला. घरची म्हातारी लामावुसो आजी कडाडली, "अरे, गुरंसुद्धा हाकल्याशिवाय शिरत नाहीत! फाटकापाशी जा, हाक मार आणि थांब!" त्याला शब्द कळले नाहीत, फाटकाकडे रोखलेलं बोट कळलं. मागे जाऊन त्याने फाटकापाशी हाक मारली. आजीने बोलावल्यावर अनवाणी येऊन झोपडीत पुरुषांसाठी राखलेल्या बाजूला बसला. मग तिनेच हसत त्याला आंबील दिली.

काय रुबाब, आई! आपल्या दारातही तुझाच हुकूम चालेल. तरीही मन धजत नसेल तर कळव, पाहुणे ठेवायला सरदारांना मी स्वतः नकार देईन.

तुझा,
म्फानुखोना