थाळीतली किल्ली

उधना, सुरत
१८ नोव्हेंबर १९९७

प्रिय गजेंद्र,

११ ऑक्टोबर १९९७, दसरा, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. तुला हे माहीत आहे, तरी सुरुवातीलाच लिहिते, कारण हल्ली तू लोकांना तेव्हा अकरा वाजून गेले होते असं सांगत फिरतोस. मांडवातलं घड्याळ मी पाहिलं होतं. माझी उभी हयात नर्स म्हणून गेली. रक्ताने माखलेलं कोणी समोर आलं की माझी नजर आधी घड्याळावर जाते.

तू बरा असशीलच. पेपरातला फोटो पाहिला. एका बाजूला शेठ, एका बाजूला तू, मध्ये हार घातलेली नवी अँब्युलन्स. कोट छान दिसतो तुला. ताई हे पाहायला हवी होती, असं आधी वाटलं. मग वाटलं, गेली तेच बरं.

बारावीला गटांगळी खाऊन तू धुळ्याहून माझ्याकडे आलास, तेव्हा सगळे म्हणाले, याला डाइंग मिलमध्ये चिकटव. मी तुला आपल्या मंडळाच्या जुन्या अँब्युलन्सवर, मॅटाडोरवर घेतलं. स्टिअरिंगवर छगन, रुग्णाजवळ मी, स्ट्रेचरला तू. पहिल्याच खेपेला तू गाडीत ओकलास आणि पोट धरून पडलेल्या रुग्णानेच तुला विचारलं, पाणी देऊ का भाऊ. छगन वर्षभर तुला त्यावरून छळत होता. पण तू शिकलास. बमरोलीच्या चाळींत जिन्यावर स्ट्रेचर वळत नाही, तिथे चादरीची झोळी करून माणूस कसा उतरवायचा, उतरताना डोकं वरच्या अंगाला कसं ठेवायचं, हे तू माझ्यापेक्षा नीट करायचास. मी सगळ्यांना सांगायचे, हा पोरगा माझ्या बहिणीचा.

म्हणून तुला दसऱ्याचं विसरू देणार नाही.

तू आता मंडळाचा अध्यक्ष, आणि नवी गाडी दारात येऊन आठ दिवस झाले होते. आठ दिवस ती झाकून ठेवलीस, कारण पूजा दसऱ्याला आणि नारळ गाडीचे पैसे देणाऱ्या शेठच्या हातून. जुनी मॅटाडोर तोवर तू भंगारात देऊनही मोकळा झालास. छगन म्हणाला होता, बाई, ही गाडी आता देवाची झाली, माणसांनी पायी जावं. मी हसले होते.

आपला विणकर उखा त्या दिवशी लूमच्या खात्यात, कारखान्याच्या पत्र्यावर चढून झेंडूचं तोरण बांधत होता. पत्रा फुटला, खाली कोसळताना लोखंडी पट्टीने मांडी चिरली. सुंदरा पूजेसाठी तिथेच आलेली होती. नवऱ्याची जखम शेजारणीच्या हातात दाबायला देऊन ती दहा वीसला गल्ल्यांतून धावत मांडवात आली. तिच्या मनगटावरचं रक्त ओलं होतं, गजेंद्र. वाहत होतं. रक्त किती वेळात चिकट होतं ते मला कोणी शिकवायला नको.

गाडीची किल्ली पूजेच्या थाळीत, हळदीकुंकवात ठेवलेली. मी हात घातला आणि तू थाळीवर आपला तळवा ठेवलास. बँड चालू होता, तरी तुझं वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं.

“मावशी, शेठ उड्डाणपुलापर्यंत आलेत. पूजेआधी गाडी बाहेर काढली तर अपशकुन होईल. दहा मिनिटं थांब.”

छगनने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तुझा पगारी माणूस तो, त्याला मी काय बोलू? मी माझी पेटी उचलली, सुंदराला घेऊन रिक्षा पकडली. ऑक्सिजनची बाटली गाडीत, सलाइन गाडीत, स्ट्रेचर गाडीत. माझ्याकडे फक्त पट्ट्या. मी मांडी आवळून बांधली, त्याला रिक्षात आडवा घातला, पाय बाहेर. रिंग रोडला दसऱ्याची गर्दी. तो शुद्धीवर होता. त्याने मला एवढंच विचारलं, “बाई, आपली गाडी कोठे शे?” त्या गाडीच्या खिडक्यांना लावलेले पडदे त्याच्या मागावर विणलेले होते, आणि त्याला वाटत होतं की ती मागून येतेय. मी म्हटलं, येतेय. हॉस्पिटलच्या फाटकाशी त्याचा हात सैल पडला.

शेठ अकराला आले, असं छगनने मागाहून सांगितलं.

एवढ्यावर तू थांबला असतास, तर मी तुला मनातल्या मनात शिव्या देत म्हातारी झाले असते. पण दहाव्याला तू भेस्तानला गेलास आणि सगळ्या भावकीसमोर म्हणालास, “वहिनी, तुम्ही यायला उशीर केलात, नाहीतर गाडी तयारच होती.” दसऱ्याला मांडवात असलेल्या शंभर माणसांनी मान खाली घातली. आणि मला तू शाल-श्रीफळ देऊन निरोप दिलास, वयोमानानुसार. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर खोटं बोलणाऱ्या मुलीला भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या. तू तर खोटं बोललास आणि व्यासपीठावर बसलास.

आता ऐक, मी का लिहितेय. काल सुंदरा आली होती. ती मलाच विचारत होती की बाई, मी वाटेत कुठे थांबले होते का, मला आठवत नाही. तुझं वाक्य तिने खरं मानलंय. सासरा निंबा तिला पांढऱ्या पायाची म्हणतो आणि दोन्ही पोरांना दोंडाईच्याला नेऊन तिला माहेरी धाडायचं ठरवून बसलाय. सोमवारी, एक डिसेंबरला, गाडी पकडणार आहेत. रविवारी, तीस तारखेला, तुमची वार्षिक सभा आहे. म्हणून तू निंबाच्या नावाने तुझ्या हाताने, तुझ्या सहीने लिही, की सून वेळेत आली होती, किल्ली मी अडवली. ते माझ्याकडे शनिवारी, २९ नोव्हेंबरला, संध्याकाळी सहाच्या आत यायला हवं. तोंडी निरोप नको, पाया पडायला येऊ नकोस, छगनला पाठवू नकोस. सहा वाजून गेले, तर रविवारी सभेत माइकपाशी मी येईन, सुंदराला बरोबर घेऊन, आणि मराठीत सांगून झालं की शेठसाठी तेच गुजरातीतही सांगेन. माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो. उत्तर लेखी पाठव.

तुला स्ट्रेचर धरायला शिकवणारी,
तुझीच
मालतीमावशी