भाद्रपदातला महिना

आई,

नातीला येत्या सोमवारी दवाखान्यात भरती करायचं आहे. दिवस उलटले तरी कळा आल्या नाहीत, तेव्हा औषध देऊन आणायच्या, असं ठरलं आहे. तिला दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला, तो तिनं मला वाचायला दिला. आदल्या दिवशी हलकं जेवा, सैल कपडे आणा, दागिने घरीच ठेवा, पहिल्या खेपेला पूर्ण दिवस किंवा त्याहून जास्त वेळही लागेल, त्यानं घाबरून जाऊ नका. प्रताप नगरच्या या घराच्या गॅलरीत बसून मी तो कागद तीनदा वाचला. सगळ्यात खाली लिहिलं आहे, शंका असल्यास विचारा. शंकेचं म्हणशील तर माझ्याजवळ एक होती, पन्नास वर्षं सांभाळलेली. ती परवा फिटली. विचारायची होती ती तुला, आणि तुझ्या हयातीत मी ती विचारली ती फक्त भांडून.

आपल्या वेळेला, हिच्या पहिल्या बाळंतपणात, छापील कागद नव्हता. बर्डीवरच्या त्या सूतिकागृहातल्या डॉक्टरीणबाई तोंडी सांगायच्या आणि मी शाळेच्या वहीत उतरवून घ्यायचो. आदल्या संध्याकाळी एरंडेल. सकाळी अनशेपोटी आणायचं, पाण्याचा घोटही नाही. आल्यावर एनिमा. मग पाणमोट फोडायची, सलाईनमधून कळांचं औषध सोडायचं, थेंब हळूहळू वाढवायचे. "या कळा आपोआप येणाऱ्या कळांपेक्षा कडक असतात," बाई म्हणाल्या, "मध्ये उसंत कमी मिळते. ओरडली तर ओरडू द्यायचं. नवरोबांनी बाहेर बाकावर बसायचं. आणि एवढं करून झालं नाही, तर पोट उघडावं लागेल, त्याची सही आजच करा." मी सही केली. त्याच वहीच्या मागच्या पानावर माझी एक अर्धवट कविता होती, पहिल्या अपत्याला उद्देशून. तिला यमक सापडत नव्हतं.

खरं सांगू, त्या बाईंवरही माझा विश्वास नव्हता. मे महिना ऐन भरात, नागपूर नुसतं भाजून निघत होतं, आणि त्यांच्या खोलीत कोपऱ्यात पट्टे आवळलेली एक बॅग मी पाहिली होती. मला वाटलं, बाईंना थंड हवेच्या गावाला जायचं आहे, म्हणून ही घाई. त्या म्हणत होत्या, "दहा दिवस वर गेले, पोट म्हणावं तसं वाढलं नाही, बाळ हाताला लहान लागतं. वार जुनी झाली की बाळाला पुरत नाही." मी मान डोलवत होतो आणि नजर बॅगेवर होती. तेव्हा सोनोग्राफी कुठली! सगळा हिशेब शेवटच्या पाळीच्या तारखेवर. आणि ती तारीख सांगणारा मीच. पहिल्या तपासणीला बाईंनी हिला विचारलं, ही खाली बघत राहिली, आणि मी पटकन म्हणालो, "नागपंचमीनंतर दोन दिवसांनी." घरातली बाई चार दिवस बाहेर बसली की ते सगळ्या घराला कळायचंच, तिचं ताट वेगळं, चटई वेगळी. त्यानंतर ती बाहेर बसलेली मी पाहिली नव्हती. माझ्या स्मरणशक्तीचा मला गर्व होता, आई. बाई म्हणाल्या, "वा, मास्तर! असे नवरे पाहिजेत." मी दिवसभर फुगून होतो.

घरात तुझी तयारी वेगळीच चाललेली. तू जुनी लुगडी फाडून, उकळून, उन्हात कडकडीत वाळवून त्यांच्या घड्या करत होतीस. मला आत्ताही दिसतं, खसाच्या ओल्या ताटीमागे तू बसली आहेस, दातात एक काठ धरून फाडते आहेस, टर्र. ही तुझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली आहे. तिची आई लहानपणीच गेलेली, म्हणून बाळंतपण आपल्याकडेच. ती बोलत नव्हती, जेवत नव्हती. तिला धीर यावा म्हणून मी पाठ्यपुस्तकातल्या कविता चालीवर म्हणून दाखवू लागलो, तर तू म्हणालीस, "कविता काहून म्हणून राहिला गा? तिले वारा घाल जराशीक." मी पंखा हलवला. तुम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही. मी तिथे असताना माझ्याच घरात काहीतरी चाललं आहे आणि ते मला माहीत नाही, असं ते पाहणं होतं.

ठरलेल्या सकाळी मी सायकलरिक्षा घेऊन दारात आलो. आत येऊन पाहतो तर ही पाटावर बसलेली, पुढ्यात भाकर आणि वांग्याची भाजी. डोळ्यांतून पाणी वाहतं आहे आणि ती घास घेते आहे. आणि तू दुसरी भाकर वाढते आहेस.

"आई, उपाशी आणायला सांगितलंय तिला!"

"भूक लागली पोरीले."

"अगं, पण डॉक्टर..."

"डॉक्टर उपाशी रायते काय? खा वं तू. याच्याकडं नको पाहू."

मला वाटलं, हे भोळेपणानं केलेलं नाही. तू आयुष्यात भोळेपणानं काही केलं नव्हतंस.

दवाखान्यात बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला, काही खाल्लं का? तू शांतपणे म्हणालीस, "दोन भाकरी." बाई खुर्चीतून उठल्याच. "आजी, तुम्हाला काही समजतं का? भरल्या पोटी भूल द्यायची वेळ आली तर पोरगी जाईल!" तू म्हणालीस, "समजते बाई. म्हणूनच चारलं. दोन शब्द बोलाचे हायेत. याले बाहेर पाठवा." मला बाहेर पाठवलं, लहान पोराला पाठवावं तसं. हिला तपासणीच्या टेबलावर घेतलं होतं, ती आतच राहिली. मी बाकावर बसून बंद दाराकडे पाहत होतो. दहा मिनिटांनी दार उघडलं तेव्हा बाईंचा चेहरा बदललेला. मला म्हणाल्या, "आज काही करायचं नाही. तीन-चार आठवडे वाट पाहू. दर आठ दिवसांनी ठोके ऐकवायला आणा." कार्ड माझ्या हातात दिलं. त्यावरची अपेक्षित तारीख खोडली होती आणि बाजूला लाल शाईनं दुसरी लिहिली होती, महिनाभर पुढची. कारण काही लिहिलं नव्हतं. आधी म्हणे दहा दिवस उशीर, आणि आता तीन आठवडे बाकी! परतताना रिक्षात तुझ्या हातातली पाटली जागेवर आहे का, की बाईंना देऊन आलीस, ते मी चोरून पाहिलं. होती.

घरी आल्यावर मी तुला विचारलं, काय सांगितलंस आत? तू चुलीकडे तोंड करून म्हणालीस, "आज मूळ नक्षत्र हाय. मुळावर लेकरू नको मले."

मी शाळामास्तर. वर्गात विज्ञानाचं महत्त्व सांगणारा. आणि माझ्या घरात हे! बरं, तेवढ्यावर मी थांबलो नाही. बाबांचं पंचांग काढून पाहिलं. मूळ नव्हतंच. रोहिणी होती. पंचांग घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो आणि बोट ठेवून दाखवलं. तू पाहिलंही नाहीस. "तुले सारं वाचता येते बाप्पा," म्हणालीस. "जा, बर्फ घेऊन ये." मी ओरडलो, "तू खोटं बोलतेस! लेकराला काही झालं तर मी तुझं तोंड पाहणार नाही!" बाबा बाहेरून म्हणाले, काय चाललंय? तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, आणि त्यांना सांगितलंस, "काही नाही, बर्फावरून." मला वाटलं, तुला घाबरायचं काहीतरी कारण आहे. कारण होतंच.

तो महिना मी तुझ्याशी बोललो नाही. मनात रोज नवा संशय. तुला सून नको आहे, तुला नातू हवा म्हणून कोणा ज्योतिषानं दिवस सांगितला आहे, डॉक्टरीणबाईंना तू काहीतरी शपथ घातली आहेस. ठोके ऐकायला जाताना प्रत्येक वेळी मी हिचा चेहरा वाचायचो आणि तिथंही मला दार बंद दिसायचं.

महिन्यानंतरही कळा आल्या नाहीतच, आणि सगळं वहीत लिहिल्याबरहुकूम झालं. एरंडेल झालं, एनिमा झाला. सकाळी आठला सलाईन लागलं. नर्स दारातून ये-जा करी तेवढ्यात मला ती बाटली दिसायची. थेंब पडत होते आणि मी वेड्यासारखा त्यांच्या मात्रा मोजत होतो, कुठल्या वृत्तात बसतात ते पाहत होतो. दुपारपर्यंत ते कुठल्याच वृत्तात बसेनासे झाले, इतके भराभर पडू लागले. आणि आतून हिचा आवाज येऊ लागला. तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तू आत होतीस. मला तुझा आवाज ऐकू यायचा, "हो वं माय, हो, झालं, झालं." मला ते ऐकवत नव्हतं आणि उठून जाववत नव्हतं. दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली. बाई हात पुसत बाहेर आल्या आणि हसून म्हणाल्या, "चांगली भरलेली आहे. हिचे दिवस अगदी बरोबर भरले होते, मास्तर." दिवस बरोबर? माझ्या हिशेबानं चाळीस दिवस जास्त झाले होते. मी ठरवलं, ही बाईसुद्धा तुला सामील आहे.

पुढचं तुला माहीत आहे. त्याच वर्षी मी मागून बदली घेतली आणि कळमेश्वरला बिऱ्हाड केलं. कारण सांगितलं पगाराचं, खरं कारण तू. निघताना तू हिला डिंकाचे लाडू बांधून दिलेस आणि मला एवढंच म्हणालीस, "डबा परत पाठवजो." मी तो पाठवला, कोणाच्या तरी हाती. सहाव्या वर्षी तू गेलीस. मी पोचलो तेव्हा तुला बाहेर काढून ठेवलं होतं.

परवा तो छापील कागद वाचून मी हिला म्हणालो, "आपल्या वेळेला आईनं पंचांग पाहून घोळ घातला होता, आठवतं? नशीब, पोर वाचली." ही शेंगा सोलत होती. हात थांबले. म्हणाली, "किती वर्षं ते पंचांग धरून बसणार हो तुम्ही? मूळ नव्हतं आणि काही नव्हतं. तुम्ही तारीख चुकीची सांगितली होती."

मग तिनं सांगितलं. त्या भाद्रपदात, लग्नानंतरच्या पहिल्याच महालक्ष्म्या. आठवडाभर आधी तुझा उजवा हात तेलानं भाजलेला, सगळा स्वयंपाक हिच्यावर. सोळा भाज्या, आंबील, पुरण, आणि घरात पंचवीस पानं. जेवणाच्या दिवशी पहाटे हिला पाळी आली. सांगितलं असतं तर बाहेर बसावं लागलं असतं, नैवेद्य कोणी केला असता? ती मोरीत कापड धूत होती आणि तू दार लोटलंस. पाहिलंस. पुन्हा दार ओढून घेतलंस, आणि बाहेरून म्हणालीस, "पुरण शिजाले टाक वं, उशीर होऊन राहिला." बस. त्यावर तुम्ही दोघी कधी बोलला नाहीत. माझी तारीख एका महिन्यानं चुकीची आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, पण मूल काय, आपल्या वेळेला येईल, कार्डावर काही का असेना, असं तुम्हाला वाटलं. त्या तारखेवरून कोणी कळा ओढून आणेल, हे कुठे माहीत होतं! ज्या दिवशी बाईंनी दिवस ठरवला, त्या दिवशी तू हिच्या कानात म्हणालीस, "लेकरू कच्चं हाय. तू काही बोलू नको, मी पाहून घेतो."

आणि त्या बंद दाराआड तू म्हणालीस, हिनं टेबलावर पडल्या पडल्या ऐकलं, "बाई, भाद्रपदातला महिना धरा. पोरीनं त्या दिवशी देवाचा सैपाक केला, माह्या घरात कोणाले माहीत नाही. नुसती नवी तारीख लिहा, काहून ते लिहू नका. कार्ड माह्या पोराच्या खिशात रायते."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं?" ही म्हणाली, "आत्याबाईंनी शपथ घातली होती, तुमचे बाबा असेपर्यंत. पुढं म्हटलं, आता कशाला." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. सोलता सोलता म्हणाली, "त्या मला म्हणाल्या होत्या, त्याले मूर्ख वाटू दे मी, काही बिघडत नाही."

बाबा गेल्यालाही तीस वर्षं झाली. मी गॅलरीत बसून स्वतःला तपासून पाहिलं. लोणच्याची ती बरणी आठवली. मी नऊ-दहा वर्षांचा. तू बाहेर बसलेली असताना पाऊस आला म्हणून अंगणातली बरणी उचलून आत सरकवलीस, आणि मी पाहिलं. बाबा आल्यावर मी सांगितलं. मला कोणी विचारलं नव्हतं. मला चांगला मुलगा व्हायचं होतं. त्यांनी वर्षभराचं लोणचं नालीत ओतलं आणि तुला दोन दिवस अन्न दिलं नाही. तू मला काही बोलली नाहीस. पण तू पाहून ठेवलं असशील.

हे पत्र मी हिला दाखवणार नाही, नातीला तर नाहीच. तिला सोमवारची तयारी आहे. कुणाला विचारायचं म्हणून नाही, नुसतं कबूल करायचं म्हणून लिहितो. त्या मे महिन्यात मी पंचवीस वर्षांचा होतो, मास्तर होतो, वर्गात विज्ञान शिकवत होतो. आणि तू मला खरं सांगितलं असतंस, तर संध्याकाळच्या आत मी ते बाबांना सांगितलं असतं.