मनोरा क्रमांक एकेचाळीस आणि माझे आभारप्रदर्शन

शाहूपुरी, कोल्हापूर
दि. ९ ऑक्टोबर

तीर्थरूप विजूमामा यांना,

तेजस्वीचा वाकून नमस्कार. आपला उजवा गुडघा आता जिना चढू देतो आहे, असे आईकडून समजले. डाव्याबद्दल तिने काहीच सांगितले नाही, तेव्हा तोही बरा असेल असे मी धरून चालले आहे. मामींचा रक्तदाब, बाल्कनीतला कढीपत्ता आणि आपली सकाळची पुण्यातली फेरी ही तिन्ही नियमित असावीत. आम्ही सर्व येथे ठीक आहोत. (फोन न करता पत्र का, असे आपण विचाराल. मी आजवर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मामींनी उचलला आणि तिन्ही वेळा मी हवामानाबद्दल बोलून ठेवून दिला. कागदावर मात्र मला घाम फुटत नाही.)

आपण वाडी सोडून पुण्यास गेल्याला अकरा वर्षे झाली, म्हणून थोडे मागून सांगते. कोकणच्या समुद्रात, किनाऱ्यापासून बरेच आत, पवनचक्क्या उभारण्याचा एक प्रस्ताव आहे. समुद्रात तयार झालेली वीज घाट चढून आपल्या शाहूवाडी तालुक्यातून पुढे जायची आहे आणि त्यासाठी उंच लोखंडी मनोरे लागणार आहेत. त्यांपैकी एकेचाळीसावा मनोरा आपल्या वाडीच्या झऱ्यावर येतो. झऱ्याजवळ नव्हे, झऱ्यावर. हा झरा आषाढात फुटतो आणि होळीपर्यंत वाहतो, खालची सारी भातखाचरे त्यावर आहेत आणि एकतीस घरांचे पिण्याचे पाणीही, हे आपणांस मी काय सांगावे? आपण त्यातच पोहायला शिकलात, असे आई सांगते. (झरा गुडघाभर खोल आहे, त्यामुळे या कथेविषयी मला पूर्वीपासून शंका आहे.)

प्रस्तावावर लोकांच्या हरकती व सूचना ऐकण्यासाठी जाहीर बैठक ठरली आणि त्याआधी अहवालाची प्रत 'जनतेच्या अवलोकनार्थ' एका कार्यालयात ठेवल्याची नोटीस लागली. मी जनता असल्यामुळे अवलोकनार्थ गेले. प्रत कपाटाच्या डोक्यावर, पंख्याच्या तुटलेल्या पात्याखाली होती. ती मागितल्यावर तेथील शिपाईमामांनी माझ्याकडे फार काळजीने पाहिले आणि म्हणाले, "पावणं, ह्ये वाचायचं नसतंय. ह्ये ठेवायचं असतंय." तरीही त्यांनी स्टूल दिले, दुसऱ्या दिवसापासून चहाही दिला आणि चौथ्या दिवशी शेवटी काय होते असे उत्सुकतेने विचारले. तीनशे शहाऐंशी पाने आहेत. माशांवर नव्वद, समुद्रपक्ष्यांवर चौसष्ट. मासे आणि पक्षी यांची इतकी हळुवार विचारपूस मी दुसऱ्या कोणत्याही सरकारी कागदात पाहिलेली नाही. आपल्या झऱ्याला अर्धी ओळ आहे : 'मनोरा क्र. ४१. जलस्रोत : नाही. पाहणी : मे महिना.' मे महिन्यात पाहणी केली तर आमच्या महाविद्यालयात विद्यार्थीही आढळणार नाहीत!

मी चार पानांचे निवेदन लिहिले. मुद्देसूद, परिच्छेद पाडून, पृष्ठक्रमांकांसह. ते पाठ केले. मग मागच्या महिन्यात वाडीच्या मंडळींबरोबर टेम्पोत बसून बैठकीस गेले. ती एका मंगल कार्यालयात होती आणि मंचावर दोन सिंहासनी खुर्च्या आदल्या लग्नातल्या तशाच राहिल्या होत्या. एकीवर बैठक घेणारे सरकारी साहेब बसले, दुसरीवर कंपनीचे प्रतिनिधी. दोघेही शेवटपर्यंत अवघडलेले दिसले. सभेतील बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही, पण त्यामुळे कोणाचे अडले नाही. एका आजोबांनी विचारले, खालीच सगळा वारा ह्यांनी वापरून टाकला तर आम्ही भात उफणायचं कशावर? दुसऱ्या एकाने ते पंखे उलटे फिरले तर ढग माघारी जातील का, असे विचारले. साहेबांनी दोन्ही प्रश्न गंभीरपणे लिहून घेतले. माझा धीर वाढला. ढगांचे ऐकणारा माणूस झऱ्याचे ऐकेलच.

नेमक्या त्याच वेळी आपले पुतणे अमरसिंहदादा यांनी माइक हाती घेतला. आपणांस ठाऊक आहेच की, आपल्या भागात सत्काराशिवाय सभा पुढे सरकत नाही. (ग्रामपंचायतीच्या गटारीचे उद्घाटन झाले तेव्हा गटार खणणाऱ्या यंत्राच्या चालकाला फेटा बांधून यंत्रालाही हार घातला होता.) दादांनी साहेबांचा सत्कार केला, कंपनीच्या प्रतिनिधींचा केला, मंडपवाल्याचा केला, चहावाल्याचा केला आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "आणि मंडळी, आपल्या भागाची भाची! मराठी शाळेत शिकून बोर्डात आलेली! तेजस्वी, ये की वर! लाजतीस काय?" मी मान हलवून नकार दिला. तो होकार समजला गेला. फेटा माझ्या डोक्यापेक्षा दोन मापे मोठा होता आणि भुवयांवर आला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात शाल. निवेदन कोठे गेले ते मला समजेना. (नंतर ते शालीच्या घडीत सापडले.) सत्कारांना एक तास चाळीस मिनिटे लागली. हरकतींना अकरा मिनिटे उरली. आणि दादांनी माइक माझ्यापुढे धरला.

मामा, माझ्या आयुष्यात आजवर आठ बक्षीस समारंभ झाले आणि आठही वेळा मी एकच वाक्य बोलले आहे. डोक्यावर फेटा आणि समोर माइक अशी स्थिती आली की ते आपोआप बाहेर पडते. म्हणून मी म्हणाले : "आपण माझा जो सन्मान केलात, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. आपल्या कार्यास माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा." आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. सर्वांत जास्त वेळ कंपनीच्या प्रतिनिधींनी वाजवल्या.

आठवड्याने इतिवृत्त आले. त्यात लिहिले आहे : 'पाणसरवाडी येथील प्रतिनिधी कु. तेजस्वी यांनी प्रकल्पाचे आभार मानून शुभेच्छा दिल्या. वाडीची हरकत : निरंक.' हे मी वाडीत जाऊन मोठ्याने वाचून दाखवले, कारण ते लपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. झऱ्याखालचे पहिले खाचर कसणाऱ्या शालूबाई विळा हातात घेऊन ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढी शिकलीस आन् ह्ये बोललीस व्हय गं? माझ्या भाताला आता तुजं आभार पाजू काय?"

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीचा अर्ज घेऊन कार्यालयात गेले. तेथील कारकुनांनी तो उलटसुलट पाहिला आणि सांगितले, सभेत बोललेलं कागदानं खोडता येत न्हाई, बोललेलं बोलूनच खोडायचं. माझे नशीब एवढेच की साहेबांनी जागेवर येऊन आणखी एक बैठक घेण्याचे मान्य केले आहे : अठ्ठावीस ऑक्टोबर, सकाळी दहा, झऱ्यापाशी. तेव्हा मी बोलणार आहे. रोज सायंकाळच्या एसटीने वाडीस जाते आणि सराव करते. शालूबाई साहेब होतात. त्या खऱ्या साहेबांपेक्षा पुष्कळ कडक आहेत. पहिल्या दिवशी माझे पहिले वाक्य त्यांनी सात वेळा परत पाठवले. "कुणाशी बोलायलीस? पायाच्या अंगठ्याशी? वर बघ!" काल मी चौथ्या परिच्छेदापर्यंत वर बघून पोचले. दादांना मी लेखी कळवले आहे की त्या दिवशी मला फेटा बांधू नये. त्यांना वाईट वाटले. फेटा न्हाई म्हटल्यावर माणूस बोलाय उठलाय हे लोकांस्नी कळायचं कसं, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणाले, बोलण्यावरून कळेल. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, मामा. पत्रात नव्हे.

मामींना नमस्कार सांगावा, आपल्या दोन्ही गुडघ्यांना विश्रांती द्यावी आणि मला आपल्या आशीर्वादात ठेवावे.

आपली भाची,
तेजस्वी

ता. क. माझा समुद्रातल्या पवनचक्क्यांना विरोध नाही, हे आईसही कृपया समजावून सांगावे. ती शेजारी भलतेच सांगत सुटली आहे. मनोरा साठ फूट पूर्वेस, कातळावर सरकवावा, एवढीच मागणी आहे. तिथे गवतही उगवत नाही.

ता. क. २. सारे लिहून झाल्यावर मुख्य गोष्ट राहिलीच. अहवालाच्या पृष्ठ तीनशे बारावर जमीनमालकांची लेखी निवेदने जोडली आहेत. एकेचाळीसाव्या मनोऱ्याची जागा आपल्या नावावर आहे आणि 'सदर गटात झरा, ओढा वा विहीर नाही' असे आपण लिहून दिले आहे. खाली आपली सही आहे आणि सहीखाली 'निवृत्त अभियंता, पाटबंधारे' असेही. कंपनीची माणसे पुण्यास आली असतील, चहा झाला असेल आणि आपण न वाचता सही केली असेल, अशी मी माझी समजूत घातली आहे. साहेब म्हणतात, मालकाचा हा कागद आहे तोवर वाडीने काहीही म्हटले तरी उपयोग नाही. निवेदन मागे घेण्याचा अर्ज मी भरून सोबत जोडला आहे. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली आहे. परतीच्या पाकिटावर तिकीट लावले आहे.

ता. क. ३. अर्ज पंचवीस तारखेपर्यंत पोचला नाही, तर अठ्ठावीसला मी पृष्ठ तीनशे बारा आपल्या पूर्ण नावासह आणि हुद्द्यासह सर्वांसमोर वाचणार आहे. काल सरावात ते वाचून पाहिले. शालूबाई म्हणाल्या, बाकी सगळीकडं तुजा आवाज कापतोय, एवढ्या पानाला तेवढा न्हाई.