गुझी लान्चा की अल्फा, याविषयी इरीदे आत्येस

नोनान्तोला, ९ सप्टेंबर

ति. इरीदे आत्येस देलियाचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे ते कळव. नुसतं ‘बरा आहे’ नको, कितव्या पायरीला दुखतो ते कळव. बाप्तिस्ता काकांचा रक्तदाबही कळव (वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे). इकडे आजीची तब्येत ठणठणीत आहे आणि त्याचा त्रास आम्हा सगळ्यांना होतो आहे. बाबांची तब्येत उजवा घोटा सोडल्यास चांगली आहे. हे पत्र मुख्यतः त्या घोट्याविषयी आहे.

ईस्टरच्या जेवणात काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, तू तिथे होतीस. तरी नोंद नीट असावी म्हणून लिहिते, कारण घरात आता त्याच्या चार आवृत्त्या फिरताहेत आणि आजीच्या आवृत्तीत तर सुरीसुद्धा आली आहे. बाबा दरवर्षीप्रमाणे कोकराचं मांस वाढून झाल्यावर आपल्या देशातल्या मोटरसायकलींच्या आणि मोटारींच्या जोड्या जुळवायला बसले. डुकाटी म्हणजे फेरारी: दोन्ही लाल, दोन्ही आपल्या एमिलियातल्या, दोन्ही शेजाऱ्यांना झोपू न देणाऱ्या. एम. व्ही. अगुस्ता म्हणजे मासेराती: ती बाहेर काढायची तर माणूस आधी स्वतः दाढी करतो. व्हेस्पा म्हणजे छोटी फियाट: तिच्याविषयी वाईट बोलायचं नाही, कारण प्रत्येकाची आई कधी ना कधी तिच्यावर बसलेली असते. इथपर्यंत सगळे सुखात होते. मग काका म्हणाले, आमची गुझी म्हणजे अल्फा रोमिओ, काळीज आहे तिला. आणि बाबा पाव मोडता मोडता म्हणाले, “छे रे बाप्तिस्ता, गुझी म्हणजे लान्चा. नाव निघालं की सगळे टोपी काढतात आणि भूतकाळात बोलायला लागतात.”

एकतीस वर्षं गुझीच्या कारखान्यात घालवलेल्या माणसाला, त्याच्या बायकोसमोर, म्हणजे तुझ्यासमोर, हे म्हणायला नको होतं. माझं मत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी तेव्हा दिलं नाही. तू आणलेले तळ्यातले सुके मासे डब्यासकट उचललेस, काकांच्या पोटात चार पेले लाम्ब्रुस्को असल्यामुळे त्यांना गाडीवर बसू न देता रेल्वेनं घरी मांदेल्लोला नेलंस, आणि त्यांची गुझी आमच्या शेडमध्ये राहिली. भाऊ असला तरी ओरेस्ते ते वाक्य मागे घेत नाही तोवर या घरात पाऊल टाकणार नाही, हे तू स्टेशनवरून फोन करून कळवलंस. त्यावर आजीनं जाहीर केलं की ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी टेबलाशी तिची दोन्ही मुलं नसली, तर ती नव्वद वर्षांची होणार नाही, एकोणनव्वदवरच थांबेल. डॉक्टरांनाही तिनं हे सांगितलं, आणि त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं.

मी इंजिनिअर असल्यामुळे वाद मोजमापानं मिटेल असं मला वाटलं. (बाबा बेकरीत सांगत सुटले आहेत की मी डुकाटीत लागणार. मी तसं म्हटलेलं नाही. मी ‘अर्ज केलाय’ एवढंच म्हटलं; कुठे, ते कोणी विचारलं नाही.) मी एक कोष्टक केलं: स्थापनेचं वर्ष, इंजिनाची ठेवण, जिंकलेल्या शर्यती, रंग, आणि शेवटच्या रकान्यात आजचा मालक. ही माझी चूक होती. कागदोपत्री डुकाटी फेरारीच्या नात्यातली नाहीच. ती लॅम्बोर्गिनीच्या घरात आहे, आणि त्या घराचा मालक जर्मन. बाबांनी तो रकाना दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला आणि ताट सरकवून अंगणात जाऊन उभे राहिले. त्याच कोष्टकानुसार अल्फा आणि लान्चा एकाच घरात राहतात, म्हणजे बाबा आणि काका पाच महिने एकाच घरातल्या दोन खोल्यांवरून भांडताहेत. हे मी बाबांना खिडकीतून सांगितलं. ते म्हणाले, “देलिया, तुला शिकवलं ते चुकलंच माझं.”

आता घोटा. पंधरा ऑगस्टला सकाळी गावात चिटपाखरू नव्हतं, सगळे समुद्रावर गेलेले. आजी आत टोमॅटो उकळत होती आणि निवडलेल्या टोमॅटोंचे सहा क्रेट शेडसमोर सावलीत ठेवले होते. (हे पुढे महत्त्वाचं आहे.) मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी होते. बाबा घरातल्या सपाता घालून शेडमध्ये गेले, दोन्ही बाजूंना पाहिलं, गुझीवरची चादर काढली आणि ती ढकलत बाहेर आणली. का, ते मला माहीत नाही, आणि अंदाज लिहायची मला सवय नाही. ते तिच्यावर बसले, स्टँड वर केला, डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर. इंजिन चालू झालं. चेहऱ्यावर काहीही न दाखवता त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग गिअर न टाकता, जागच्या जागी, एक्सलरेटर जोरात पिळला, जसा ते चाळीस वर्षं आपल्या डुकाटीचा पिळतात.

तुला हे माहीतच आहे, तुमच्या गावात शाळकरी मुलींनाही माहीत असतं: गुझीचा क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, गाडीच्या लांबीत बसवलेला असतो, त्यामुळे उभ्या उभ्या एक्सलरेटर पिळला की अख्खी गाडी उजवीकडे झुकते. हा दोष नव्हे, तिचा स्वभाव आहे. बसणारा सरावानं सावरतो. बाबांना सराव नव्हता आणि उजवा पाय जमिनीवर नव्हता. सव्वादोनशे किलोंची गाडी, बाबा आणि एक सपात उजवीकडे टोमॅटोंच्या चार क्रेटवर गेले. (दुसरी सपात डावीकडे, जागेवरच राहिली.) गाडीच्या बाजूला बाहेर आलेल्या सिलिंडरनं गाडी उचलून धरली म्हणून पाय वाचला, फक्त घोटा मुरगळला. गुझीनं वाचवलं, हे बाबांना समजलं आहे, आणि त्याबद्दल त्यांनी तिला अजून माफ केलेलं नाही.

मी किल्ली बंद करायला धावले. आजी पळी घेऊन दारात आली आणि तिनं लाल रश्शात पसरलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं.

“ओरेस्ते, रक्त आहे की टोमॅटो?”

“टोमॅटो आहेत, आई.”

“मग ओरडतोयस कशाला? काय झालं?”

“ढकललं तिनं मला.”

“कोणी, लान्चानं?” आजी म्हणाली. “गेलेली माणसं ढकलत नाहीत रे.”

आम्ही दोघींनी गाडी उचलली, मग त्यांना उचललं. (हा क्रम आजीनं ठरवला.) तेव्हापासून ते रोज लंगडत शेडमध्ये जातात आणि सिलिंडरच्या झाकणावरचा तीन सेंटिमीटरचा ओरखडा पॉलिश पेपरनं घासतात. आता तो पावणेदोन सेंटिमीटर उरला आहे. परवा मी त्यांना विचारलं, आत्येला काय कळवू? बराच वेळ घासून ते म्हणाले, “जिवंत आहे म्हणावं.” घोट्याविषयी म्हणाले की गुझीविषयी, ते मी विचारून पक्कं केलं: गुझीविषयी. ही माघार आहे की नाही ते तू ठरव. आमच्याकडे याहून मोठी माघार आजवर झालेली नाही. तू आणि काका ऑक्टोबरच्या त्या रविवारी या, म्हणजे आजीला नव्वद वर्षांची होता येईल.

तुझी भाची,
देलिया

ता. क. येताना उजव्या बाजूचा आरसा आणा. जुना टोमॅटोत सापडला, पण तुकड्यांत.

ता. क. २. मी अर्ज मांदेल्लोला केला होता. गुझीच्या कारखान्यात, इंजिनांच्या चाचणी विभागात. नेमणूक जुलैत आली आहे, नोव्हेंबरपासून रुजू व्हायचं आहे. तुझी वरची रस्त्याकडची खोली मिळेल का? बाबांना माहीत नाही. जेवणात सूप आणि मांस यांच्या मध्ये, त्यांच्या तोंडात घास असताना, तू सांगावंस अशी विनंती आहे. मला अशा गोष्टी नीट सांगता येत नाहीत.

ता. क. ३. (हे अक्षर देलियाचं नाही.) इरीदे, ही तिकीट शोधायला वर गेली आहे आणि पाकीट उघडं आहे. नोकरीचं मला जुलैपासून माहीत आहे. कारखान्याचं पत्र मीच पेटीतून काढलं. उघडलं नाही, उजेडात धरलं. ऑगस्टमध्ये गाडीवर बसलो तो त्याचसाठी. पोरगी जाणार ती चीज काय आहे ते बापानं बघायला नको? रस्त्याकडची खोली देऊ नकोस, तळ्याकडची दे, आणि रजया दोन दे. ही सांगणार नाही, पण हिला थंडी फार वाजते. लान्चा मी कौतुकानं म्हणालो होतो. तरी मागे घेतो. रविवारी जेवताना मला तू हे सांग, मी चकित होईन. हिला बरं वाटेल. मासे आण. ओरेस्ते.