मोरिताबाई निकाल वाचणार

३ फेब्रुवारी, लोहा
तारीख लागली! वीसला निकाल. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टात — माझ्या नवऱ्याला, आनंदराजना, ज्यांनी मारलं, त्या टोळीच्या म्होरक्याचा. तिथल्या जपानी न्यायाधीश मोरिताबाईच वाचणार. नांदेडहून सैनिक कार्यालयाचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात होते. खडू हातातच राहिला.

मामांना घरी येऊन सांगितलं. सासरेच ते, त्यांचं एकच — "फाशी व्हईल का?" त्या कोर्टात फाशी नसते मामा. "जपानात हाय म्हनलीस की!" हो, आहे. पण मोरिताबाई तिथं जपानचा कायदा चालवत नाहीत... मामा ताटावरून उठले.

६ फेब्रुवारी
कशातच मन लागेना. पुन्हा मोरिताबाईंचंच वाचलं. तरुणपणी जपानात सरकारी वकील — तेव्हा बायकांना त्या नोकरीत कोण विचारत होतं! मग कायदा शिकवला. मग हेग. एका बड्या देशाच्या पुढाऱ्याला अटक करा म्हणाल्या, तर त्या देशानं यांच्याच नावानं वॉरंट काढलं! तरी कोर्टात हजर. फोटोत केस पांढरे, चेहरा शांत.

अशी बाई त्या म्होरक्याला सोडणार नाही.

९ फेब्रुवारी, लातूर
आईकडे. "त्या जपानी बाईच्या नादानं किती दिस काढशील? औशाचं स्थळ चांगलं हाय." निकाल लागू दे, म्हटलं. दरवेळी मी हेच म्हणते.

१४ फेब्रुवारी
सारखी मागची सुनावणी आठवते. आनंदराज शांतिसेनेतून आफ्रिकेत गेले होते. छावणीच्या फाटकावर पहारा. पहाटे हल्ला झाला. घरच्यांना कोर्टापुढं बोलायची परवानगी मिळाली. नांदेडला व्हिडिओच्या पडद्यासमोर बसवलं. मी चांगली तयारी करून गेलेले — ऐन वेळी माइक मामांकडं सरकवला. मामाच बोलले. "माझं लेकरू तिथं भांडाया न्हाई गेलं. लोकायला राखाया गेलं." आणि रडू फुटलं त्यांना. दुभाषीसुद्धा थांबला. मोरिताबाई म्हणाल्या, "सावकाश बोला. मी ऐकते आहे."

आनंदराज गेल्यापासून सहा वर्षांत असं कुणीच म्हणालं नव्हतं.

१९ फेब्रुवारी
आज शाळेत हजेरी दोनदा घेतली. पोरं हसली. उद्या! उद्या!

२० फेब्रुवारी
सुटला.

मोरिताबाईंनीच वाचलं; मोबाइलवर दुभाषी मराठीत सांगत होता. मेलेल्या प्रत्येक जवानाचं नाव घेतलं — आनंदराजचंही, अगदी नीट. हल्ला झाला, हा युद्धातला गुन्हाच, म्हणाल्या. पण हल्लेखोर या म्होरक्याचीच माणसं होती, हे सिद्ध झालं नाही.

मला मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला. मामांनी तो माझ्या हातातून घेतला, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले,

"बाई खोटं बोलली न्हाई, रूपाली. पर मंग — माझ्या लेकराला मारलं कुनी?"