हवेची कंजुषी

२ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. बाबा पोचले. ज्या वॉर्डात मी नर्सिंग शिकते आहे तिथेच खिडकीजवळची खाट मिळाली. अख्ख्या वाटेत ते गुडघ्यांवर हात टेकून बसून होते, असं सोबत आलेले काका म्हणाले.

छातीच्या डॉक्टरांनी आधी आजार विचारला नाही, काम विचारलं. सूतगिरणीच्या पिंजण खात्यात चाळीस वर्षं, म्हटल्यावर त्यांनी छातीचा फोटो काचेवर लावला. कापसाच्या धुळीने श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्यात. त्यात आता जंतूंमुळे कफ साठलाय. हवा आत जाते, पण वापरलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. फुप्फुसात कोट्यवधी बारीक फुगे असतात म्हणे, आणि ते उलगडून पसरले तर आपल्या दोन्ही खोल्या भरून अंगणातही उरतील. एवढं सगळं बाबांच्या बनियनखाली होतं आणि आपण त्यांना काडी म्हणत आलो.

नाकात ऑक्सिजनची नळी लावली आहे. मी आहे, घोर करू नका. आईला नमस्कार, आणि लोभ असाच पाठवत राहा.

तुझी बहीण

७ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाई हिस,

हातात छडी नसेल तर आशीर्वाद घे. अक्षरं तूच गिरवायला लावलीस, तेव्हा चुकांची जबाबदारी तुझी.

इकडे सगळे निर्धास्त आहेत. आई ज्याला त्याला सांगते की डॉक्टर आमच्या पोरीला विचारून औषध देतात. मी तिची चूक सुधारत नाही, चार दिवस मिरवू दे.

बाबा चार वर्षं खुर्चीत बसून झोपतात. एकदा पाठ टेकून झोपलेले दिसले की लगेच कळव. आणि हवेची कंजुषी होऊ देऊ नकोस. मोठ्या दवाखान्यात आपल्यासारख्यांना सगळं मोजूनमापून देतात. तू तिथे असताना त्यांना मोजून मिळायला नको.

लोभ आहे, तो बाबांच्या वाट्याला जरा जास्त दे.

तुझा दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. आधी हे वाच: बाबा जागे आहेत, सकाळी चहा मागून घेतला. बाकीचं आईला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

परवा दुपारी त्यांचे ओठ निळसर दिसले. ऑक्सिजनची चक्री एकवर होती, म्हणजे मिनिटाला एक लिटर, आणि खाटेला चिठ्ठी होती, विचारल्याशिवाय वाढवू नये. मला ती कंजुषीच वाटली. कोणाला न विचारता मी चक्री पाचवर नेली. थोड्या वेळात चेहऱ्यावर लाली आली, हात उबदार झाले आणि बाबा चक्क पाठ टेकून झोपले. मी स्टुलावर बसून बघत होते. तुला काय कळवायचं ते मनात जुळवतही होते.

तासाभराने मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी हाक मारली, खांदा हलवला, बाबा जागे होईनात. श्वास मिनिटाला आठ. मनगटातून रक्त काढून तपासलं, तर वापरलेली हवा रक्तात इतकी साठली होती की तिचीच गुंगी आली होती. मी जिला झोप समजले ती झोप नव्हती.

डॉक्टरांनी नंतर समजावलं. वर्षानुवर्षं थोडक्या हवेवर जगलेल्या शरीराने आपली घडी बसवलेली असते. एकदम भरपूर ऑक्सिजन मिळाला की ती विस्कटते आणि वापरलेली हवा बाहेर टाकणं मागे पडतं. म्हणून मोजून द्यायचा.

मग ऑक्सिजन पुन्हा कमी करून तोंडावर घट्ट मुखवटा बांधला आणि यंत्र लावलं. दादा, ते यंत्र वाट बघतं. बाबांनी हवा ओढायला जराशी सुरुवात केली की ते ओळखतं आणि चढावर हातगाडीला मागून हात लावावा तसं ढकलतं. मी तीन तास श्वास मोजत होते. आठ, दहा, चौदा. मग बाबांनी डोळे उघडले आणि हे काय बांधलंय, अशी खूण केली. आपण दिवसातून वीस हजार वेळा श्वास घेतो आणि एकदाही लक्ष देत नाही. आता कोणाचंही पोट वरखाली होताना दिसलं तरी मी थबकते.

संशय केर काढणाऱ्या मावशींवर गेला. पुसताना चक्री फिरली असेल, असं सिस्टर म्हणाल्या, आणि मावशी रडवेल्या झाल्या. मी पुढे होऊन सांगितलं, मीच फिरवली. आता महिनाभर चक्रीला हात लावायचा नाही, फक्त श्वास मोजायचे. माझं शिक्षण चालू ठेवायचं की नाही, ते पुढच्या आठवड्यात ठरेल. बाबांनाही सांगितलं. ते मुखवट्याआडून काहीतरी बोलले. मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

लोभ आहे, तो हे वाचून झाल्यावरही असावा.

तुझी बहीण

१८ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाई हिस,

आशीर्वाद. आईला पत्र वाचून दाखवलं, सगळं. एक ओळ गाळायला गेलो तर तिने पकडलं आणि मागे जायला लावलं. तिला वाचता येत नाही, पण माझा आवाज बरोबर ओळखते.

तिने पत्र हातात घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, मी तिथे असते तर चक्री शेवटपर्यंत फिरवली असती, आणि कोणाला सांगितलंही नसतं. पण कंजुषीचं खूळ तुझ्या डोक्यात घातलं ते मी, आईने नव्हे, तेव्हा मोठ्या सिस्टरांना माझं पत्र दाखव.

आता माझं. पिंजण खात्यात मला सहावं वर्ष. सुटी संपवून कामावर गेलो की पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत छाती आवळते, पट्टा ओढल्यासारखी. दुसऱ्या दिवशी सैल पडते, म्हणून वर्षभर कोणाजवळ बोललो नाही. तुझं पत्र संपल्यावर ते आईला सांगून टाकलं. ती म्हणाली, बाबांचंही अगदी असंच सुरू झालं होतं आणि तिने त्याला आळस म्हटलं होतं. मग पदराने डोळे पुसून मलाच ओरडली, की इतके दिवस तोंडाला कुलूप होतं का.

गुरुवारी रजा टाकली आहे. तुमच्या डॉक्टरांना दाखवायला येतो. श्वास तू मोज, तेवढी परवानगी तुला आहे ना?

लोभ होता तेवढाच आहे. वाढवायला जागा नाही.

तुझा दादा